वाढत्या मुलामुलींचें अन्न व त्यांची अंगकाठी

(पाठ : दानीएल, अध्याय १ ला, वचनें ८ ते १६)

दानीएल व त्याचे सोबती यांनीं राजाचीं पक्वान्नें नाकारून दहा दिवस शाकभोजन व पाणी यांवर काढले, आणि त्यानंतर त्यांचीं तोंडें इतर तरुणांहून टवटवीत दिसलीं, ही कथा आपल्या शब्बाथ शाळेंतील लहान मुलासही ठाऊक आहे. ती निष्ठेची कथा आहे. तिच्यावरून मांसाहार वर्ज्य ठरविणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. पण एक गोष्ट तींत लक्षांत घेण्यासारखी आहे. कारभाऱ्यानें त्या तरुणांस कांट्यावर चढविलें नाहीं; त्यांस निरखून पाहिलें. आपण बहुधा याच्या उलट करितों. मूल बारीक दिसलें कीं, "याच्या अंगांत चरबी कोठली!" असें म्हणून निर्धास्त होतों.

हा समज चुकीचा आहे. हाडें, स्नायू, चरबी व पाणी मिळून शरीर होतें. कांटा या सर्वांची बेरीज सांगतो, वांटणी सांगत नाहीं. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत आपलेंच उदाहरण छापलें. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून जो अंक येतो, तो दोघांचाही २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२ निघाली! एक मॅरेथॉन धांवणारे, आणि दुसऱ्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे इस्पितळांतील लिफ्टचें दार मिटण्यापूर्वीं तें गांठणें, असें त्यांनीं विनोदानें लिहिलें आहे. हंसावें खरें, पण विचारही करावा.

याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांचीं बालकें यांचा अभ्यास केला. त्या बालकांचें जन्मवजन सरासरीनें सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें सुमारें ३.५ किलो. आश्चर्य असें कीं, आपल्या बालकांचे स्नायू फार कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानानें कमी नव्हती. अशीं मुलें पुढें मोठीं झाल्यावर मधुमेह लवकर गांठण्याची भीति अधिक असते. त्याच खेड्यांत ज्या मातांच्या खाण्यांत हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध वारंवार होतें, त्यांचीं बाळें अधिक वाढलेलीं आढळलीं. म्हणजे आज पंधरा वर्षांच्या मुलीच्या ताटांत जें पडतें, त्याचा संबंध तिच्या एकटीशींच नाहीं.

बारा ते अठरा या वयांत मुलाचे स्नायू झपाट्यानें वाढतात आणि मुलीच्या अंगांत कांहीं चरबी स्वाभाविकच वाढते. ती देवाची योजना आहे. लठ्ठ होऊं या भयानें मुलीनें उपाशी राहूं नये. मुलांनींही तालुक्याच्या गांवीं विकल्या जाणाऱ्या, ताकद वाढविणाऱ्या चूर्णांच्या डब्यांवर बापाचे पैसे उधळूं नयेत. भाकरीबरोबर डाळ किंवा मटकीची उसळ असली म्हणजे एकीची उणीव दुसरी भरून काढते. शेंगदाणे, अंडें, ताक हीं बहुतेकांच्या आवांक्यांतील आहेत. हाडांसाठीं नाचणी उत्तम. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. चहा व बिस्किट हें मात्र जेवण नव्हे. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. लिंबाची फोड त्यास साहाय्य करिते.

पण केवळ खाण्यानें स्नायू बांधले जात नाहींत. त्यांस श्रमाची मागणी लागते. अन्न पुष्कळ व हालचाल थोडी, तर उरलेलें चरबी होऊन पोटाभोवतीं बसतें. श्रम पुष्कळ व अन्न थोडें, तर शरीर आपलेच स्नायू खर्चूं लागतें. पहिला प्रकार मोटारसायकलीवर शाळेंत जाणाऱ्या व सायंकाळीं मोबाईल घेऊन बसणाऱ्या मुलांत दिसतो; त्यांस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेला सरासरी एक तासाचा रोजचा व्यायाम लागू आहे. कबड्डी, धांवणें, दोरीवरच्या उड्या, कांहींही चालेल. आठवड्यांतून तीन दिवस तरी जोराचें असावें. दुसरा प्रकार आपल्या मुलींचा. पाणी त्या वाहतात, खुरपणी त्या करितात, आणि ताटावर शेवटीं बसतात. देशाच्या २०१९–२१ च्या आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. त्यांस अधिक व्यायाम सांगणें ही थट्टा होय. त्यांस डाळ, पालेभाजी व शाळेंत दर आठवड्यास मिळणारी लोहाची गोळी हवी.

उपदेशक बंधूंनीं मंदिराच्या भिंतीवर उंचीची पट्टी रेखावी व तीन तीन महिन्यांनीं मुलांची उंची टिपून ठेवावी. जें मूल वाढत नाहीं अथवा लवकर दमतें, त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रांत न्यावें. आणि हा पाठ शिकवितांना, आवाज न चढवितां, वर्गांतील मुलींस विचारावें : काल रात्रीं घरांत शेवटीं कोण जेवलें, व तिच्या वाट्यास काय उरलें होतें?