शंका-समाधान : मिस्सा, दानपेटी आणि शाळेतली मुले

शाळा सुरू झाल्यापासून मुलांच्या कॅथलिक शाळांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतली चार निवडली आहेत. नावे छापू नयेत अशी विनंती असल्याने फक्त गाव दिले आहे.

शंका : आम्ही हिंदू आहोत. मुलाला फादरांच्या शाळेत पाचवीत प्रवेश मिळाला. त्याला मिस्सेला बसवतील का, बायबल शिकवतील का, म्हणून सासूबाई काळजीत आहेत. – एक आई, डोंबिवली

समाधान : तुमची संमती नसेल तर नाही, आणि हे केवळ शाळेच्या चांगुलपणावर सोडलेले नाही. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क कलम ३० ने दिला आहे, पण तुमच्या मुलाचे संरक्षण त्यामुळे कमी होत नाही. सर्वसाधारण पद्धत अशी, की कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला वेगळी बसतात आणि बाकीच्यांना तेव्हा नीतिशिक्षण असते. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच शाळांना कळवले, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचा, आवारात सर्वधर्म प्रार्थनेसाठी जागा ठेवा.

परिपाठात एखादी प्रार्थना असेलच. तेव्हा मुलाने शांत उभे राहावे. क्रूसाची खूण करण्याची गरज नाही. वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात स्वतः भेटा, मुलाबरोबर निरोप पाठवू नका. सासूबाईंनाही एकदा शाळा दाखवा.

शंका : मुलगा आठवीत आहे. शाळेतल्या पहिल्या शुक्रवारच्या मिस्सेला मुले टिंगल करतात, म्हणून तोही मागे बसतो. घरी रोजरीला बसत नाही. सक्ती करू का? – एक आई, वसई

समाधान : रविवारची मिस्सा हा घराचा नियम आहे, तो सैल करू नका. पण भक्ती सक्तीने येत नाही. या वयात मुलांना एकमेकांदेखत प्रार्थना करायची लाज वाटते, मुलांच्या शाळेत तर जास्तच. ही लाज म्हणजे श्रद्धा गेल्याची खूण नव्हे. त्याला मागच्या बाकावरून उठवायचे असेल तर हाताला काम द्या : वेदीसेवक, पहिले वाचन, गायनवृंदातली गिटार. इटलीतल्या तुरिनला डॉन बॉस्को या धर्मगुरूंच्या वसतिगृहात १८५६ मध्ये मुलांचे एक भक्तिमंडळ निघाले. ते काढण्यात पुढाकार होता डॉमिनिक साव्हिओचा, आणि तो तुमच्या मुलाच्याच वयाचा होता. मुलाने उभे केलेले मुलांना आपले वाटते.

रात्री पाच मिनिटे जेझुइट फादरांची जुनी पद्धत करून पाहा. दिवस मनातल्या मनात मागे फिरवायचा : आज कशाबद्दल आभार मानू, कुणाशी वाईट वागलो, उद्या काय करू. मोठ्याने बोलायचे नाही. कुमसाराला, म्हणजे पापनिवेदनाला, जाऊन आल्यावर त्याने काय सांगितले ते कधीही विचारू नका. आणखी एक : तुमच्या पत्रात वडिलांचा उल्लेख नाही. ते मिस्सेला मागे उभे राहत असतील, तर मुलाच्या आधी त्यांच्याशी बोला.

शंका : आमच्या शाळेत ईस्टरआधीच्या उपवासकाळात वर्गावर्गांत निधीची स्पर्धा असते. सर्वांत जास्त रक्कम जमवणाऱ्या वर्गाला ढाल मिळते. मुले वडिलांकडून नोटा आणतात. मला हे बरोबर वाटत नाही, पण रक्कम खरेच चांगली जमते. – एक शिक्षिका, पुणे

समाधान : बाई, तुम्हाला वाटते ते बरोबर आहे. ढाल बंद करा. तुमच्याच वर्गात असा मुलगा असेल ज्याची फी थकली आहे, ज्याला यंदा रेनकोट मिळालेला नाही. ढालीच्या दिवशी तो वर्गाला मागे ओढणारा ठरतो, आणि निधी मात्र गरिबांसाठी असतो. पेटी झाकणाची ठेवा. ती फिरेल तेव्हा प्रत्येकाने बंद मूठ आत घालावी, रिकामी असली तरी. पैसे मुलाच्या स्वतःच्या खाऊचे असावेत : शुक्रवारचा वडापाव सोडला, तेवढेच पेटीत. उपवास आणि दान यांचा संबंध त्याला तिथे कळतो. १९६२ मध्ये स्थापन झालेली कॅरितास इंडिया ही कॅथलिक सेवासंस्था उपवासकाळात भूक आणि रोग यांविरुद्ध मोहीम चालवते. रक्कम तिथे पाठवा किंवा जवळच्या कामाला द्या, पण किती जमली आणि कुठे गेली हे पावतीसह फलकावर लावा.

रक्कम घटेल, हे धरून चाला. त्या बदल्यात मुलांना माणसांपर्यंत न्या. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र एकत्र आले, त्यातून संत व्हिन्सेंट दी पॉल संस्था निघाली. सिस्टर रोझाली रांद्यू यांनी त्यांना गरिबांची घरे दाखवली. पावाची चिठ्ठी घेऊन ते स्वतः त्या घरांत जात. पुढे तुरिनचा पिएर जॉर्जिओ फ्रासाती १९१८ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, या संस्थेत गेला. १९२५ मध्ये तो वारला, तेव्हा अंत्ययात्रेला शहरातले गरीब रस्त्यावर लोटले आणि मुलगा कुठे कुठे जात होता ते घरच्यांना उमगले. २०२५ मध्ये त्याला संतपद मिळाले.

सुरुवात कपड्यांपासून करा. जमलेले गाठोडे मुलांसमोर उघडा आणि एकेक शर्ट उलगडायला लावा. काखेत उसवलेला, कॉलर काळवंडलेली, खालची दोन बटणे गेलेली. तो कुणी आणला ते विचारू नका. ‘हा तू उद्या घालशील का?’ एवढेच सगळ्यांना विचारा. घालण्याजोगा असेल तो धुवायचा, बटण लावायचे, इस्त्री करून घडी घालायची. सुई-दोरा मुलांच्याच हातात द्या. फाटक्यांची पुसणी करा, ती कुणाला देऊ नका.

वृद्धाश्रमातही गाणी म्हणून, केळी वाटून, फोटो काढून निघू नका. दोन मुलांनी एका आजोबांजवळ बसावे, त्यांना पेपर वाचून दाखवावा आणि पुढच्या महिन्यात त्याच आजोबांकडे जावे. आधी पालकांची लेखी संमती घ्या. बरोबर दोन शिक्षक हवेतच. घेणाऱ्यांचे फोटो मात्र पूर्ण बंद करा. त्यात तडजोड नको.

शंका : मी नववीत आहे. मी देव मानत नाही. शाळेत सेवेचे तास भरावे लागतात. मी ते केले तर ढोंग होईल का? – एक विद्यार्थी, मुंबई

समाधान : ढोंग होणार नाही. न मानता प्रार्थना पुटपुटलीस तर ते ढोंग. त्याबद्दल वर्गशिक्षकांशी मोकळेपणाने बोल. आजारी माणसाला पाणी देताना तुझ्या मनात काय आहे याने त्याची तहान बदलत नाही. ३१ जुलै १९७३ रोजी जेझुइटांचे प्रमुख पेद्रो आरुपे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला आपल्याच माजी विद्यार्थ्यांसमोर बोलले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असा प्रश्न त्यांनी केला आणि प्रामाणिक उत्तर ‘नाही’ आहे, असे स्वतःच सांगितले. इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हे शाळेचे काम, असे त्यांचे म्हणणे होते. ऐकणाऱ्यांतले काही नाराज झाले. तुझ्यासारखे प्रश्न या शाळांना नवे नाहीत.

तास भरले, सही झाली, की त्यानंतर एकदा सहीशिवाय जाऊन ये. मग पुढे जायचे की नाही ते ठरव. व्हिन्सेंट दी पॉल संस्थेच्या शाखा मुंबईच्या अनेक चर्चमध्ये आहेत. जवळच्या चर्चच्या कार्यालयात बैठकीचा वार विचार, मी श्रद्धाळू नाही हे आधीच सांग, आणि घरी सांगून, कुणा मोठ्या माणसाबरोबरच जा.