मोठ्या पडद्यावरचा जुना सिनेमा

पूर्वी जत्रा भरली की सिनेमाचा तंबू येई. धुळे-जळगावकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना तो तंबू आठवत असेल. जमिनीवर बसायचे. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. समोर पांढरा पडदा. गर्दी झाली की काही जण पडद्याच्या मागे बसत. मागून चित्र दिसे, पण अक्षरे उलटी दिसत. ज्याला वाचता येत नव्हते, त्याला उलटे काय नि सुलटे काय!

आज जुने सिनेमे फोनवरही दिसतात. पण फोनवर माणूस बोटाएवढा दिसतो. एकाने बघावे, तर शेजारच्याला दिसत नाही. मोठ्या पडद्यावर तोच माणूस घराएवढा होतो. शंभर माणसे एकदम हसतात आणि एकदम गप्प होतात. सिनेमा बघावा तर असा, चारचौघांत.

असाच एक जुना सिनेमा आहे. त्याचे नाव 'मंथन'. श्याम बेनेगल यांनी तो १९७६ साली काढला. पैसा कोणी दिला? कोणा शेठजीने नाही. गुजरातच्या ५ लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी दिला. प्रत्येकाने २ रुपये दिले. मग आपला सिनेमा बघायला हे शेतकरी ट्रक भरभरून गेले.

या सिनेमात बिंदू नावाची बाई आहे. तिचे काम स्मिता पाटील यांनी केले. स्मिताताईंचे वडील आपल्या शिरपूरचे. बिंदू म्हैस पाळते, दूध विकते. व्यापारी दुधाला कमी भाव देतो. मग डॉक्टर राव गावात येतात. "आपली दूध सोसायटी काढू," म्हणतात. व्यापाऱ्याला ते कसे आवडेल? बिंदूला वाचता येत नाही. एका कागदावर तिचा अंगठा घेतला जातो. कागदात काय असते? डॉक्टरांवर खोटा आळ!

इथे जरा थांबा. बिंदूला तो कागद वाचता आला असता, तर?

जुना सिनेमा लांब फितीवर असतो. फितीवर चित्रे असतात. एका सेकंदात २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. ओल लागली की फीत खराब होते. रंगही उडतात. आपल्या देशातला पहिला बोलपट 'आलम आरा'. तो १९३१ साली आला. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. तो आता कोणालाच बघता येत नाही.

'मंथन'ची फीतही खराब झाली होती. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने सिनेमा नीट करून घेतला. २०२४ साली तो आधी फ्रान्समध्ये कान शहरी दाखवला. मग जून महिन्यात आपल्या देशात बऱ्याच शहरांतल्या थेटरांत लागला.

जवळपास असा जुना सिनेमा लागला, तर जरूर जा. घरच्या म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या. सुरुवातीला पडद्यावर नावे येतील. ती आजीच्या कानाशी हळूच वाचून दाखवा. आता तुम्हाला वाचता येते.

प्रश्न

१. पडद्यामागे बसणाऱ्याला अक्षरे कशी दिसत?
२. ५ लाख शेतकऱ्यांनी २-२ रुपये दिले. एकूण किती रुपये झाले?
३. न वाचता कागदावर अंगठा दिला, तर काय होऊ शकते? आपसांत बोला.
४. तुम्ही पहिला सिनेमा कुठे पाहिला? तीन ओळी लिहा.