संगणक बंद कसा करावा?

दिवा मालवायचा तर आपण खटका दाबतो. पंख्याचंही तसंच. दिव्याला काही लक्षात ठेवायचं नसतं. संगणकाला मात्र पुष्कळ लक्षात ठेवायचं असतं. म्हणून त्याची वीज एकदम तोडू नये.

संगणकाच्या पोटात लिहायच्या दोन जागा आहेत. एक पाटीसारखी. तिला रॅम म्हणतात. दुसरी वहीसारखी. तिला डिस्क म्हणतात. समजा, तुम्ही बचत गटाचा हिशेब लिहीत आहात. कोणी किती भरले, कोणाचा हप्ता राहिला, सारं पडद्यावर दिसतं. पण ते अजून पाटीवरच आहे बरं का! वीज तुटली की पाटी पुसली. उद्या गटातल्या बाया विचारतील, "माझा हप्ता कुठं मांडलाय?" पैसे पेटीत आहेत, पण नोंद नाही. मग काय सांगाल?

म्हणून आधी 'सेव्ह' करावे. म्हणजे पाटीवरचं वहीत उतरतं. 'कंट्रोल' हे बटण दाबून धरा आणि 'एस' दाबा. लिखाण नवे असेल तर संगणक नाव विचारतो. ते द्या. लिहिता लिहिता मधूनमधून असं करत जावं.

काही संगणकांत डिस्क म्हणजे खरीच तबकडी असते. ती मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते! नव्या संगणकांत बहुधा तबकडी नसते. पण दोन्हींत लिहिणं अर्धवट तुटलं, तर वहीतलं जुनंही बिघडू शकतं. कधी तर संगणक सुरूच होत नाही.

आता बंद करू. तुमच्या संगणकात विंडोज असेल, तर पडद्याच्या खालच्या पट्टीवर चार चौकटींची खूण दिसेल. बाण तिथे नेऊन दाबा. मग पॉवरची खूण शोधा. वर्तुळ आणि त्यात वरून उतरलेली उभी रेघ, अशी ती असते. ती दाबली की 'शट डाउन' हे शब्द येतात. ते दाबा. शेजारी 'स्लीप' असते. ती नुसती डुलकी. डुलकीत वीज गेली तरी पाटी पुसतेच.

मग थांबा. पडदा काळा झाला म्हणजे काम संपलं असं नाही. डब्यावरचा दिवा विझू द्या. कधी संगणक आतली डागडुजी करत असतो. 'बंद करू नका' असं तो लिहून सांगतो. अर्धा तास लागला तरी लागू द्या. पोरं कंटाळून भिंतीवरचा खटका पाडतात. त्यांना आवरा.

बाण हलेनासा झाला तर? थोडी वाट पाहा. तरीही हलेना, तर डब्यावरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. संगणक बंद होईल. पण सेव्ह न केलेलं जाईल. हा उपाय अगदी शेवटचा.

गावात वीज वरचेवर जाते. त्यासाठी यूपीएस नावाची बॅटरीची पेटी मिळते. ती काही मिनिटं संगणक चालवते. तेवढ्यात सेव्ह करून बंद करावे. सिनेमा पुरा करायला ती नाही! वळवाचं आभाळ भरून आलं, की विजा कडाडण्याआधीच संगणक बंद करावा आणि भिंतीतली पिनही काढून ठेवावी.