तेलाची काडी अडकली तर

दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे रिकामी होऊ लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागांतली माणसे कोयता घेऊन उसाच्या फडाकडे निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कोणी कर्नाटकात. काही टोळ्या बैलगाडीवर असतात, काही ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर चालला तर ऊस कारखान्यात पोचतो. ट्रॅक्टर बसला तर टोळी बसते आणि घेतलेली उचल फिटत नाही.

आपल्या देशात तयार झालेला आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरीदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. महिंद्राचे ट्रॅक्टर १९६३ पासून निघू लागले. तेव्हापासून ट्रॅक्टर गावोगाव आले. त्यांतले बरेच आता म्हातारे झाले आहेत. म्हाताऱ्या यंत्राच्या खोडीही म्हाताऱ्या माणसासारख्याच. त्यांतली एक खोडी आज आपण पाहू. ती म्हणजे अडकलेली तेलाची काडी.

काडी कशासाठी?

रांजणात पाणी किती आहे हे आपण काठी घालून पाहतो. तसेच इंजिनातले तेल पाहायला एक लांब, पातळ पोलादी काडी असते. मेस्त्री तिला डिपस्टिक किंवा गेज म्हणतात. ती एका नळीत बसलेली असते. तिच्या टोकाकडे दोन खुणा असतात. खालची खूण कमीत कमी तेलाची, वरची जास्तीत जास्त तेलाची. तेल या दोन खुणांच्या मधे असावे.

बैलगाडीच्या कण्याला वंगण नसले तर चाक करकरते. बैलगाडी ओरडून सांगते. इंजिन तसे लवकर सांगत नाही. ते ओरडते तेव्हा आतले भाग घासून गेलेले असतात. मग इंजिन जाम होते आणि दुरुस्तीत हंगामाची कमाई जाते.

काडी अडकली की पुष्कळ जण म्हणतात, "निघंना तर राहू द्या. परवाच तेल टाकलंय." खरा धोका इथेच आहे. अडकलेल्या काडीने इंजिन बिघडत नाही. काडी अडकली म्हणून तेल पाहणे सोडले, तर बिघडते. परवा टाकलेले तेल आज गळून गेलेले असू शकते.

काडी का अडकते?

कारणे चार. एक, नळीच्या तोंडाशी धूळ आणि तेल मिळून त्याचा चिकट थर बसतो. दोन, पावसाचे पाणी जाऊन काडी गंजते. तीन, काडीच्या डोक्याजवळचे रबरी कडे तेलाने फुगते किंवा उष्णतेने कडक होते. चार, काडी किंवा नळी वाकलेली असते, नाहीतर दुसऱ्याच गाडीची काडी बसवलेली असते.

काडी कशी काढावी?

पहिले काम. गाडी सपाट जागी उभी करा. घाटात, चढावर नको. इंजिन बंद करा, चावी काढा, ब्रेक लावा, चाकाला दगड लावा. गाडी नुकतीच कामावरून आली असेल तर थोडे थांबा. इंजिन कोमट असताना काडी सैल होते. पण तापलेल्या इंजिनाला हात लावला तर भाजते. तेलाचा अंदाज नसताना नुसते गरम करायला म्हणून इंजिन चालू करू नका.

दुसरे काम. नळीचे तोंड कोरड्या फडक्याने चांगले पुसा. पाणी मारू नका. ही घाण आत पडली तर तेलात मिसळते.

तिसरे काम. नळीच्या तोंडाशी डिझेलचे किंवा पातळ तेलाचे चार थेंब सोडा. चारच थेंब. जास्त ओतले तर ते आत जाऊन इंजिनाचे तेल पातळ करील. अर्धा तास थांबा. गंज जुना असेल तर रात्रभर राहू द्या.

चौथे काम. आता काडी ओढू नका, फिरवा. बाटलीचे घट्ट बूच आपण फिरवून सैल करतो, तसेच. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे. एका हाताने नळी धरा, म्हणजे ती मुळाशी हलणार नाही. काडी फिरू लागली की फिरवत फिरवत नळीच्या रेषेत वर घ्या. मूठ प्लॅस्टिकची असेल तर फार जोर देऊ नका. जुने प्लॅस्टिक ठिसूळ होते.

एवढे करूनही निघाली नाही तर हातोडी मारू नका. पेचकस घालून उचकटू नका. मेस्त्रीला बोलवा. तो नळी सोडवून काडी काढील.

काडी तुटली तर?

तुटलेला तुकडा आत ढकलू नका. इंजिन चालू करू नका. तुकडा फिरणाऱ्या भागांत गेला तर मोठे नुकसान होते. गाडी तिथेच ठेवा आणि मेस्त्रीला बोलवा.

काडी निघाल्यावर

स्वच्छ फडक्याने काडी पुसा. परत पूर्ण आत घाला, बाहेर काढा आणि मग खूण पाहा. पहिल्या वेळी दिसते ते खरे माप नव्हे. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर त्याच जातीचे तेल थोडे थोडे टाका. वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. जास्त तेलाला फेस येतो, तोही वाईट. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजा आणि इंजिन चालू करू नका.

काडीवर गंज असेल तर बारीक पॉलिशपेपरने घासा आणि पुन्हा पुसा. काडी वाकली असेल किंवा रबरी कडे चिरले असेल तर बदला. त्याच गाडीची काडी घ्या. दुसरीच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या खोटे माप सांगतात. शेवटी काडी नीट दाबून बसवा. उघड्या नळीतून धूळ जाते.

आता आपल्याला अक्षर आले आहे. त्याचा उपयोग इथे करा. एक लहान वही गाडीत ठेवा. रोज सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी काडी पाहा. तारीख लिहा आणि तेल कुठवर आहे ते लिहा. रोज निघणारी काडी सहसा अडकत नाही. आणि रोज लिहिलेली वही तेल केव्हापासून कमी होऊ लागले ते सांगते. ज्याला वाचता येत नव्हते तो दुसऱ्याच्या सांगण्यावर चालत होता. आम्हाला वाटते, आपण आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि आपल्या हाताने लिहावे.

वाचा आणि सांगा

१. काडीवरच्या दोन खुणा काय सांगतात?
२. काडी ओढण्याऐवजी फिरवावी, ते का?
३. नळीपाशी चारच थेंब का सोडायचे?
४. तुमच्या गावातल्या एका ट्रॅक्टरची काडी मालकाला विचारून पाहा. तेल कुठवर आहे ते वहीत लिहा.