प्रयोगशाळा घरी येते

गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांचे पाणी पिणारा परभणी जिल्हा कापूस, ज्वारी आणि तूर या पिकांसाठी ओळखला जातो. याच भूमीत १९७२ साली कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे त्याचे आजचे नाव होय. जिल्ह्यातील अनेक महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असून त्यांपैकी काहींत संगणकशास्त्र शिकविले जाते.

संगणकशास्त्र ही नुसत्या पाठांतराची विद्या नव्हे. पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही, त्याचप्रमाणे संगणकापुढे बसल्यावाचून ही विद्या हस्तगत होत नाही. संगणकाने काय करावे हे क्रमाने सांगणाऱ्या सूचनांना आज्ञावली म्हणतात. विद्यार्थी आज्ञावली लिहितो, ती चुकते, मग शिक्षक पाठीशी उभे राहून चूक कोठे आहे ते दाखवितात. प्रयोगशाळेतील शिक्षणाची ही रीत वर्षानुवर्षे चालत आली होती.

मार्च २०२० मध्ये या रीतीला अकस्मात खंड पडला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च रोजी कोरोनाची साथ ही जागतिक महासाथ असल्याचे घोषित केले आणि २५ मार्चपासून सर्व देशात टाळेबंदी लागू झाली. महाविद्यालयांना कुलपे लागली. वसतिगृहांतील मुले आपापल्या गावी परतली. संगणक प्रयोगशाळेत राहिले, विद्यार्थी मात्र घरी!

आता शिकवावे कसे? शिक्षकांनी मोबाइलचा आधार घेतला. ते आपल्या घरून बोलू लागले आणि विद्यार्थी गावोगावी ऐकू लागले. परंतु व्याख्यान ऐकून आज्ञावलीचा सराव कसा व्हावा? यावर एक उपाय होता. आज्ञावली मोबाइलच्या पडद्यावर लिहावयाची, ती आंतरजालाने दूरच्या शक्तिमान संगणकाकडे पाठवावयाची, तेथे ती चालावयाची आणि उत्तर तेवढे परत यावयाचे. या व्यवस्थेत हातातले लहान यंत्र केवळ खिडकीचे काम करते. खरे कष्ट दूरचा संगणक उपसतो. ही सोय पूर्वीही होती, परंतु तिची खरी गरज महासाथीने पटवून दिली.

शिक्षणाची इतर साधनेही अशीच आधीपासून सिद्ध होती. देशातील आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली एनपीटीईएल हा उपक्रम सुरू केला होता. २०१७ साली भारत सरकारने ‘स्वयम्’ हे व्यासपीठ खुले केले. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ तर मराठीतूनही संगणकाचे धडे देत होते. परभणीच्या कृषी विद्यापीठात यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित वाहने यांचा शेतीसाठी उपयोग शिकविणारा प्रकल्प भारतीय कृषी अनुसंधान परिषद व जागतिक बँक यांच्या साहाय्याने चालला होता. टाळेबंदीच्या काळात त्याची प्रशिक्षणे ऑनलाइन भरू लागली. दूरच्या गावातील विद्यार्थ्यालाही आता त्यांत बसता येऊ लागले.

तथापि, सर्वांनाच ही वाट सुगम नव्हती. एका घरात एकच मोबाइल, आणि तोही वडिलांबरोबर शेतावर गेलेला, अशी स्थिती कितीतरी कुटुंबांत होती. कोठे वीज जाई, तर कोठे संदेशलहरी पोहोचत नसत. लहानशा पडद्यावर लांब आज्ञावली लिहिताना एक विरामचिन्ह सुटले तरी सारे श्रम वाया जात, आणि ती चूक दाखविणारे शिक्षक जवळ नसत. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यातील विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुतांशी ऑनलाइन व बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात झाल्या. परंतु चार उत्तरांतून एक निवडणे निराळे आणि स्वतः आज्ञावली रचणे निराळे, हे शिक्षक जाणून होते.

पुढे साथ ओसरली आणि महाविद्यालये पुन्हा गजबजली. तरीही त्या काळातील काही गोष्टी टिकून राहिल्या. ध्वनिचित्रमुद्रित पाठ पुन्हा पुन्हा पाहता येतात. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमाचे श्रेयांक विद्यापीठाच्या पदवीत धरले जातात. मात्र शेजारच्या मित्राला विचारावे, शिक्षकांनी पाठीशी उभे राहावे, यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकले नाही.

महासाथीने विद्या गावाच्या वेशीपर्यंत येऊ शकते हे दाखविले. पण वेशीपासून प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत तिला नेण्याचे काम अजून पुरे व्हावयाचे आहे. ज्याच्या घरी यंत्र नाही, त्यालाही शिकता यावे ही चिंता समाजाने वाहिली, तरच त्या कठीण दिवसांचा धडा आपण खऱ्या अर्थाने शिकलो असे म्हणता येईल.

स्वाध्याय
१. संगणकशास्त्राची तुलना पोहण्याशी का केली आहे?
२. ‘हातातले लहान यंत्र केवळ खिडकीचे काम करते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. टाळेबंदीच्या काळात आपल्या गावातील मुलांनी अभ्यास कसा केला, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.