शतपावली ते सूर्यनमस्कार : दैनंदिन नेमाचे आरोग्यशास्त्र

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या एका व्यापक पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दर शंभर प्रौढांपैकी सुमारे पस्तीस जणांना उच्च रक्तदाब आहे. हे विकार बहुधा कोणतीही वेदना न देता वाढत राहतात. लक्षणे दिसू लागतात तेव्हा डोळे, मूत्रपिंडे वा हृदय यांची हानी सुरू झालेली असते. घरातील कर्त्या व्यक्तीला ऐन उमेदीत पक्षाघात किंवा हृद्रोग जडला, तर त्या कुटुंबाची मिळकत, मुलांचे शिक्षण आणि साठविलेली पुंजी ही सारीच धोक्यात येतात.

या विकारांना बऱ्याच अंशी पायबंद घालण्याचे साधन प्रत्येकाच्या हाती आहे आणि ते म्हणजे रोजचे चालणे-फिरणे व रोजचे जेवण. संकल्प बहुतेक जण करतात; त्याचा नेम मात्र फार थोड्यांच्या बाबतीत होतो. तो कसा व्हावा, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

श्रम गेले, आहार राहिला

दोन-तीन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत दिवस जात्याच्या घरघरीने उजाडत असे. दळण, कांडण, पाणी शेंदणे, पाट्यावर वाटणे आणि शेतापर्यंतची पायपीट यांतच शरीराचा व्यायाम होत असे. ते कष्ट अपार होते आणि त्यांचा मोठा भार स्त्रियांवर पडत असे. गिरणी, नळ आणि मिक्सर यांनी तो हलका केला, ही इष्टच गोष्ट झाली. परंतु कष्टांबरोबर शरीराची हालचालही गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

बैठ्या कामाचा परिणाम काय होतो, हे लंडनमधील एका अभ्यासाने १९५३ मध्येच दाखवून दिले होते. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दुमजली बसगाड्यांच्या चालकांची व वाहकांची तुलना केली. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृद्रोगाचे प्रमाण बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळले. दोघेही एकाच गाडीवर काम करीत. मुख्य फरक हालचालीचा होता.

श्रम घटले तरी जेवणाचे माप त्या प्रमाणात घटले नाही. उलट ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा अनेक घरांत पॉलिश केलेला तांदूळ, मैद्याचे पदार्थ आणि तळलेले फरसाण यांनी घेतली.

सडपातळ देहातील चरबी

‘आपण तर बारीक आहोत, आपल्याला काय होणार?’ हा समज आपल्याकडे विशेष घातक ठरतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळली. भारतीयांत स्नायू कमी व चरबी अधिक असण्याची प्रवृत्ती आहे आणि पोटाभोवतीची चरबी सर्वांत त्रासदायक असते. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबून न राहता कमरेचा घेरही मोजावा. पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे भारतीयांसाठी मानले जाते.

शतपावलीचे शास्त्र

रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालण्याची चाल मराठी घरांत जुनी आहे. अन्न पचत असता रक्तातील साखर वाढते. त्या वेळी स्नायू काम करू लागले की ते ही साखर इंधन म्हणून वापरतात. न्यूझीलंडमधील ४१ मधुमेही व्यक्तींच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसातून एकदा, कोणत्याही वेळी, ३० मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालल्याने जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर हा फरक २२ टक्के होता. दोन्ही प्रकारांत चालण्याचा एकूण काळ सारखाच होता. फरक वेळेने पडला.

अर्थात शतपावली हा प्रारंभ होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. भराभर चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्रम म्हणजे मध्यम श्रम. याखेरीज स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा करावा. बैठका व सूर्यनमस्कार यांना त्यासाठी ना साधने लागतात, ना पैसा. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांतून रुजविले, ते याच सुलभतेमुळे. मात्र उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी शक्ती पणाला लावू नये. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथातील दिनचर्येच्या अध्यायातही बलाच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करण्याचा सल्ला आहे.

ताटाची मांडणी

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाकाठी २००० कॅलरींच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे त्यांत सुचविले आहे. बहुतेक घरांत ताटाचा मोठा भाग भात व पोळी व्यापतात आणि भाजी केवळ तोंडी लावण्यापुरती असते. हे प्रमाण बदलणे, हीच आहारातील पहिली सुधारणा होय. त्यासाठी महागडी फळे वा परदेशी भाज्या लागत नाहीत. मेथी, शेपू, चवळई, शेवग्याच्या शेंगा, मोड आलेली मटकी, पेरू आणि आवळा हे सारे आपल्या आठवडी बाजारातच मिळते.

साखरेचा हिशेबही प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, असे धरल्यास चहातूनच ३२ ते ४० ग्रॅम साखर पोटात जाते. महिन्याला ती एक किलोच्या आसपास होते. आठवड्याला प्रत्येक कपामागे पाव चमचा साखर कमी केली, तर जिभेला फारसे न जाणवता दीड-दोन महिन्यांत ती निम्म्याहून खाली आणता येते. मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी असावे. लोणचे, पापड आणि फरसाण यांतील मीठही या हिशेबात धरले पाहिजे. उपवासाच्या साबुदाण्यात जवळजवळ केवळ पिष्टच असते. त्याऐवजी राजगिरा किंवा भगर घेणे हितकर ठरते.

नेम कसा जडतो

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ व्यक्तींचा अभ्यास केला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच साधी कृती निवडली आणि ती रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून केली. ती आपोआप घडू लागण्यास सरासरी सुमारे ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा काळ २५४ दिवसांपर्यंत जाईल, असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, असेही त्यात दिसून आले.

यातून तीन बोध मिळतात. कृती लहान असावी. ती रोजच्या पक्क्या प्रसंगाला बांधलेली असावी. आणि खंड पडल्यास दुसऱ्या दिवशी ती निमूटपणे पुन्हा सुरू करावी. जेवणानंतरची शतपावली मनात ठसते, कारण जेवण चुकत नाही. त्याचप्रमाणे सकाळच्या दात घासण्याला पाच सूर्यनमस्कार, कार्यालयातील दूरध्वनीला उभे राहून बोलणे आणि बाजारहाटाला पायी जाणे जोडता येईल. घरातील सर्वांनी मिळून नेम धरल्यास तो अधिक टिकतो.

चेन्नईतील संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरांतील ५५ जणांना मधुमेह झाला. रोजचे चालणे आणि आहारातील बदल यांचा पाठपुरावा झालेल्या गटात हे प्रमाण ३९ वर आले. एरव्ही मधुमेहाकडे गेली असती अशी शंभरांतील सोळा माणसे केवळ दिनक्रमाने त्या काळापुरती तरी वाचली.

सर्वांना एकच माप नव्हे

उसाच्या फडात किंवा बांधकामावर राबणाऱ्या मजुराला अधिक व्यायामाची नव्हे, तर पुरेशा, सकस अन्नाची व विश्रांतीची गरज असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेसुरले खाण्याची रीत मोडणे, हाही आरोग्याचाच नेम होय. जेवणात पालेभाजी व डाळ असावी आणि त्यावर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा टाळल्यास अन्नातील लोह अंगी लागण्यास मदत होते. हृद्रोग, गुडघ्यांचे विकार किंवा मधुमेहावरील औषधोपचार चालू असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी व्यायामापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.

रुग्णालये, औषधे आणि तपासण्या यांची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. जेवून उठल्यावर दहा मिनिटे चालण्याचा नेम मात्र ज्याचा त्यानेच धरावयाचा असतो. त्यासाठी मुहूर्त पाहण्याचे कारण नाही; आज रात्रीच्या जेवणानंतर त्यास प्रारंभ करता येईल.