काचेवरील चित्रे आणि त्यांची जपणूक

शाळेच्या जुन्या कपाटात किंवा गावातील एखाद्या वाड्याच्या माळ्यावर लाकडी पेटी सापडावी, तिच्यात सव्वातीन इंचांच्या चौकोनी काचा उभ्या रचलेल्या असाव्यात आणि एक काच उजेडासमोर धरताच रामाचा वनवास अथवा एखादे दूरचे शहर रंगांत प्रकट व्हावे, असा योग फार शिक्षकांना येणार नाही. परंतु ज्यांना येईल त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात काय केले व काय केले नाही, यावर त्या पेटीचे पुढील आयुष्य अवलंबून राहते. प्रस्तुत पाठ त्यासाठी आहे.

या काचा जादूच्या कंदिलाच्या, म्हणजे मॅजिक लँटर्नच्या, होत. कंदिलात दिवा, त्यापुढे भिंग, मध्ये काच आणि समोर पांढरा पडदा, अशी ही साधी रचना. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी प्रथम दाखवली गेली, हे आपण मुलांना सांगतो. त्याच दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आपल्या मुलांसह ‘शांबरीक खरोलिका’ या नावाने कंदिलाचे खेळ करीत होते, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. शांबरी म्हणजे माया. पटवर्धनांकडे हाताने रंगविलेल्या काचा होत्या. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर काढून, एकाहून अधिक कंदिलांतून त्या झरझर पालटल्या की पडद्यावरचे पात्र हालल्याचा भास होई. रामायण-महाभारतातील कथा, सोबत निवेदन व संगीत, असा तो खेळ असे. पुढे छायाचित्रांच्या काचाही सर्वत्र आल्या आणि आरोग्य, शेती, देशदर्शन या विषयांवरील व्याख्यानांत त्यांचा उपयोग होऊ लागला. जुन्या शाळांत अशा काचा आढळल्या, तर त्या बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

या दुसऱ्या प्रकाराची एक आठवण येथे नमूद करणे मला प्राप्त आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका शाळेत मला अशा अकरा काचा मिळाल्या. एकीची कडेची काळी कागदी पट्टी सुटली होती व दोन काचांच्या मध्ये धूळ शिरली होती. मी पट्टी सोडविली आणि आतली काच कोमट पाण्याने धुतली. चित्र काचेवर नसून काचेवरील जिलेटिनच्या पातळ थरात असते, हे मला ठाऊक नव्हते. थर फुगला, सुटला आणि पाण्याबरोबर गेला. हातात राहिली ती अगदी स्वच्छ काच! तिच्यावर काय होते, हे आज मला सांगता येत नाही. कारण धुण्यापूर्वी तेही मी लिहून ठेवले नव्हते.

तेव्हा पहिले काम टिपणाचे. पेटी उघडल्यावर एकही काच उचलण्यापूर्वी ती जशी आहे तशी तिचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे. काचा ज्या क्रमाने लागलेल्या आहेत तो क्रम वहीत उतरवावा. पेटी कोणाच्या घरची, तेथे ती कशी आली, घरातील वडीलधारी मंडळी तिच्याविषयी काय सांगतात, हे त्यांच्याच शब्दांत लिहावे. क्रमाला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी ज्या चित्रांवरून कथा सांगतात त्यांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. पाने उलटसुलट झाली तर कथाच मोडते. काचांचेही तसेच आहे.

चित्रपटाच्या इतिहासातील एक उदाहरण याहून बोलके आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाचे सुटे तुकडे नाशिकला त्यांच्या कुटुंबाकडून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्या हाती आले. कोणता तुकडा कोठे बसवावा, याचा उलगडा फाळक्यांनी स्वतःच्या वहीत केलेल्या नोंदींमुळे झाला. फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिची कृष्णाची भूमिका आज आपण पाहू शकतो, त्यात त्या वहीचा वाटा फितीइतकाच आहे. उलट ‘आलम आरा’ (१९३१) हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जुन्या फितींतील चांदी काढून घेण्यासाठी त्या विकल्या जात, हे ऐकून वाईट वाटते. पण विकणाऱ्याच्या लेखी ते केवळ मोडीत काढलेले सामान होते.

आता हाताळणीविषयी. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि काच कडांनी धरावी. बाहेरच्या बाजूची धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने झटकावी. चित्राच्या बाजूस फडका, पाणी, साबण वा थुंकी यांतील काहीही लावू नये. फुटलेली काच चिकटपट्टीने जोडू नये, तिचे तुकडे एकाच पाकिटात ठेवावेत. काचा आडव्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात व मध्ये कोरा पांढरा कागद घालावा. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो, तो वापरू नये. क्रमांक पाकिटावर पेन्सिलीने लिहावा, काचेवर चिठ्ठी डकवू नये. पावसाळ्यात बुरशीचे भय असते, म्हणून पेटी ओल्या भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच असावी. जुन्या खेळांची हस्तपत्रके मिळाल्यास तीही कोऱ्या कागदांत सपाट ठेवावीत. प्लास्टिकचे लॅमिनेशन करून घेण्याचा मोह टाळावा.

पेटीत काचांऐवजी फितीची गुंडाळी निघाली, तर प्रश्न निराळा व गंभीर आहे. सुमारे १९५१ पर्यंत ३५ मिलिमीटरच्या फिती बहुधा सेल्युलोज नायट्रेटच्या असत. हा पदार्थ चटकन पेट घेतो आणि जळण्यास लागणारा प्राणवायू त्याच्यातच असल्याने पाण्याखालीही जळत राहतो. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी अशा फितींच्या साठ्याला आग लागून अनेक जुने चित्रपट नष्ट झाले. फीत चिकट झाली असेल, तिच्यावर फोड आले असतील किंवा तिची तपकिरी भुकटी होऊ लागली असेल, तर ती सडत आहे असे समजावे. काडी लावून परीक्षा करू नये, फीत यंत्रावर चढवू नये, टपालाने पाठवू नये. मुलांना दूर ठेवून डबा वर्गाबाहेर, सावलीत व मोकळ्या हवेत, विस्तवापासून लांब ठेवावा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. हे संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले.

काचांची पेटी शाळेने मागून घ्यावी, असे मात्र मी सुचविणार नाही. ती ज्या घरची आहे त्या घरी राहू द्यावी. काच पांढऱ्या कागदासमोर उजेडात धरून छायाचित्र घ्यावे आणि त्याची प्रत घरमालकाला द्यावी. इयत्ता सहावी-सातवीच्या मुलांकडून त्याच घरात, तसेच शेजारीपाजारी, एक काम करून घेता येईल. कंदिलाच्या खेळाबरोबरचे निवेदन कोणाला पाठ आहे का, पुसेगावसारख्या यात्रेतील तंबूत पाहिलेला पहिला चित्रपट कोणता, तिकीट किती होते, पडदा कशाचा होता, हे आजीआजोबांना विचारून मुलांनी लिहून आणावे. सांगणाऱ्याचे वय आणि लिहिल्याची तारीख प्रत्येक पानावर असावी. नाव घालण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी. ही पाने शाळेच्या दप्तरात वेगळ्या फायलीत ठेवावीत आणि बदली झाल्यास कार्यभार सोपविताना तिचा उल्लेख यादीत करावा.